मनगटावर पेललेलं अंतराळ: ‘सुपर मारिओ गॅलक्सी’चे मोशन कंट्रोल कसे शिकावेत

‘सुपर मारिओ गॅलक्सी’ हा गेम नोव्हेंबर २००७ मध्ये निन्टेंडोच्या वी कन्सोलवर आला. योशिआकी कोइझुमी त्याचे दिग्दर्शक होते. छोट्या छोट्या गोल ग्रहांवरून धावायचं, प्रत्येक ग्रहाचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण आणि एका ग्रहावरून दुसऱ्यावर झेप, ही कल्पनाच इतकी सुंदर आहे की पहिल्या तासात माणूस नुसता बघत राहतो. त्यानंतर मात्र बरेच जण अडतात. मारिओ भलत्याच वेळी गिरकी घेतो, चेंडू कड्यावरून घरंगळतो, पडद्यावरचा पॉइंटर मध्येच नाहीसा होतो. मग ‘मोशन कंट्रोल, म्हणजे हातातला रिमोट हलवून खेळणं, ही कटकट’ असं ठरवून गेम कपाटात जातो.

हा गेम असा सोडून देण्यासारखा मुळीच नाही. अडचण बहुतेक वेळा एकच असते: रिमोटला काय कळतं आणि काय कळत नाही, हे आपल्याला माहीत नसतं. ते समजलं की हाताच्या हालचाली आपोआप लहान होतात, आणि हालचाल जितकी लहान तितका मारिओ नेमका वागतो. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

रिमोटला काय कळतं

वी रिमोटमध्ये दोन वेगळी यंत्रणा काम करतात. पहिली म्हणजे ॲक्सेलरोमीटर. रिमोटला बसलेला धक्का आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, या दोन्हींची जाणीव त्याला होते. दुसरी म्हणजे रिमोटच्या टोकाला काळ्या काचेमागे बसवलेला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीजवळ ठेवतो त्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात खरं, पण ती पट्टी काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, एवढंच. पाहण्याचं काम रिमोटचा कॅमेरा करतो: त्याला प्रकाशाचे दोन ठिपके दिसतात आणि त्यांच्या जागेवरून पॉइंटर कुठे दाखवायचा ते ठरतं.

मूळ रिमोटमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, नव्हता. मोशन प्लस नावाची जोडणी आली तेव्हा २००९ साल उजाडलं होतं. म्हणजे हा गेम जायरोस्कोपशिवाय बांधलेला आहे, आणि त्यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात.

एक, हात किती लांबवर फिरवला हे रिमोटला कळत नाही, धक्का किती तीव्र होता ते कळतं. दोन, कल ओळखण्यासाठी तो गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहतो. त्यामुळे कल देताना हात हिसकला तर धक्का आणि कल यांची सरमिसळ होते आणि गेमला चुकीचा कल दिसतो. तीन, रिमोट उभा धरून स्वतःभोवती फिरवला तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, म्हणून ती हालचाल ॲक्सेलरोमीटरला दिसतच नाही. ही तिसरी गोष्ट चेंडूच्या लेव्हलमध्ये फार कामाला येते.

पायरी पहिली: खेळायची जागा

सेन्सर बार टीव्हीच्या बरोबर मध्यावर, पडद्याच्या वर किंवा खाली, अगदी पुढच्या कडेला ठेवा. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारच्या विभागात जाऊन तो वर आहे की खाली ते निवडा. हे चुकीचं राहिलं तर पॉइंटर सतत थोडा वर किंवा थोडा खाली वाटतो, आणि दोष उगाच हाताला दिला जातो. त्याच विभागात संवेदनशीलतेच्या ५ पातळ्या आहेत. पॉइंटर थरथरत असेल किंवा मधूनच हरवत असेल तर एकेक पातळी बदलून पाहा. तिथे कॅमेऱ्याला दिसणारे ठिपके पडद्यावर दिसतात. दोनच ठिपके दिसायला हवेत. तिसरा दिसला तर खोलीत दुसरीकडून इन्फ्रारेड प्रकाश येतो आहे असं समजा: खिडकीतलं ऊन, मेणबत्ती, साधा पिवळा बल्ब, किंवा बारचंच एखाद्या चकचकीत पृष्ठभागावर पडलेलं प्रतिबिंब. पडदा ओढला, बल्ब बंद केला की बहुधा काम होतं.

टीव्हीपासून साधारण १ ते अडीच मीटर अंतरावर बसा. फार जवळ बसलात तर दोन ठिपक्यांपैकी एक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जातो, आणि फार लांब गेलात तर ठिपके अंधूक होऊन एकमेकांत मिसळतात.

मनगटाचा पट्टा घाला. उत्साहात रिमोट हातातून सुटतो, आणि समोर टीव्हीच असतो. उजव्या हाताचं कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा. हात अधांतरी धरून खेळलात तर थोड्या वेळात खांदा भरून येतो आणि नेम ढळतो. टेकलेल्या कोपराने मनगट मोकळं राहतं, आणि या गेमला मनगटच हवं आहे.

पायरी दुसरी: पॉइंटरची सवय

डाव्या हातात नंचक, म्हणजे रिमोटला जोडायचा दुसरा छोटा कंट्रोलर, त्याच्या स्टिकने चालणं. उजव्या हातात रिमोट, ए बटणावर उडी. ही जोडी बसली की पॉइंटरकडे वळा. पडद्यावर विखुरलेले रंगीत स्टार बिट्स पॉइंटर नुसता वरून फिरवला की गोळा होतात, बटण दाबायची गरज नाही. बी बटणाने ते शत्रूवर झाडता येतात. त्याने शत्रू क्षणभर गांगरतो आणि तेवढा वेळ पुरतो.

नवशिके धावताना पॉइंटर विसरतात, किंवा पॉइंटर सांभाळताना मारिओ विसरतात. दोन्ही हात वेगळं काम करायला शिकेपर्यंत हे होणारच. सराव असा करा: एखाद्या शांत ग्रहावर मारिओला सावकाश गोल फिरवत ठेवा आणि उजव्या हाताने फक्त बिट्स वेचा. उडी नाही, घाई नाही. ५० बिट्सना एक जास्तीचं लाइफ मिळतं, आणि पुढे भुकेल्या ल्यूमांना, म्हणजे ताऱ्यासारख्या छोट्या जीवांना, बिट्स खाऊ घालून नवे ग्रह आणि नव्या आकाशगंगा (गॅलक्सी, म्हणजे गेमच्या लेव्हल) उघडतात. त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

पायरी तिसरी: गिरकी

गेमचा प्राण इथे आहे. सुरुवातीच्या गेटवे गॅलक्सीत रोझलिना भेटते आणि एक छोटा ल्यूमा मारिओच्या सोबतीला येतो. तिथून पुढे रिमोट झटकला की मारिओ गिरकी घेतो. शत्रूला धक्का देणं, स्फटिक फोडणं, स्क्रू फिरवणं, लाँच स्टार नावाच्या ताऱ्यातून अंतराळात झेपावणं, हातातलं कवच फेकणं, फायर फ्लॉवर घेतल्यावर आगीचे गोळे टाकणं, बर्फावर स्केटिंग सुरू करणं, सगळं याच एका झटक्यावर चालतं.

झटका कसा द्यायचा? पारा उतरवायला थर्मामीटर झटकतात तसा: कोपर जागेवर, मनगटाची एकच छोटी, टोकदार हालचाल आणि लगेच थांबणं. अख्खा हात हवेत फिरवून काहीही जास्त मिळत नाही. उलट दोन तोटे होतात. हात परत जागेवर येताना दुसरा धक्का बसतो, आणि तो गेमला नवा झटका वाटू शकतो. शिवाय पॉइंटर पडद्याबाहेर फेकला जातो. झटका वर-खाली देण्यापेक्षा किंचित डावी-उजवीकडे दिला तर नेम लवकर परत सापडतो, असं माझं मत आहे. तुमच्या मनगटाला जे सोपं वाटेल ते ठेवा, पण दिशा रोज बदलू नका.

आता वेळ साधण्याबद्दल. एका गिरकीनंतर लगेच दुसरी मिळत नाही, ल्यूमाला सावरायला थोडा अवकाश लागतो. म्हणून घाबरून रिमोट सतत हलवत राहणं ही सर्वात महाग पडणारी सवय. खरी गरज येते तेव्हा गिरकी संपलेली असते. हवेत गिरकी एका उडीत एकदाच मिळते आणि मारिओला थोडं वर उचलते. त्यामुळे तिचे दोन वेगळे उपयोग होतात.

उंच कडा गाठायची असेल तर उडीच्या सर्वोच्च बिंदूवर झटका द्या. त्याआधी दिलात तर उडीचा स्वतःचा जोर वाया जातो.

रुंद दरी ओलांडायची असेल तर लांब उडी घ्या: धावत असताना झेड (नंचकवरचं बटण) आणि लगेच ए. मग खाली येऊ लागल्यावर, समोरची कडा नजरेच्या टप्प्यात आली की गिरकी. माझ्या मते हा गेम शिकणं म्हणजे मुख्यतः ही उशिराची गिरकी शिकणं आहे. उडी चुकली हे कळल्यावरही हातात एक संधी उरते, आणि ती राखून ठेवणाऱ्याचा मारिओ कृष्णविवरात क्वचित पडतो.

आणखी एक जोड आहे. हवेत गिरकी घेऊन लगेच झेड दाबलं तर मारिओ जवळच्या लक्ष्याकडे वळून जमिनीवर आदळतो. लहान ग्रहावर खाली कुठे उतरणार याचा अंदाज येत नसेल तेव्हा ही चाल उपयोगी पडते.

शत्रूंच्या बाबतीत गुंबा हे उत्तम सरावसाहित्य. त्याच्या डोक्यावर उडी मारली तर नाणं मिळतं, गिरकीने बेशुद्ध करून मग लाथ मारली तर स्टार बिट्स. तब्येत कमी असेल तर उडी, कारण नाण्याने आरोग्याचा एक घर भरतो. तब्येत पूर्ण ३ असेल तर गिरकी. गुड एग गॅलक्सीतल्या पहिल्या मोठ्या शत्रूशी, डायनो पिरान्हाशी लढताना हीच शिस्त कामी येते. त्याच्या शेपटीच्या टोकाचा गोळा गिरकीने भिरकावायचा असतो. तोंडासमोरून पळत बसण्यापेक्षा ग्रहाला वळसा घालून मागून गाठा, आणि गोळा अगदी जवळ आल्यावर एकच झटका द्या.

पायरी चौथी: पुल स्टार

स्पेस जंक गॅलक्सीच्या सुरुवातीलाच निळे पुल स्टार भेटतात. पॉइंटर ताऱ्यावर नेऊन ए दाबून धरलं की मारिओ त्याकडे ओढला जातो. सोडलं की आधीच्या वेगाने तरंगत राहतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: आधीचा तारा सोडण्यापूर्वीच नजर पुढच्या ताऱ्यावर हवी. मारिओकडे पाहत राहिलात तर उशीर होतो. ओढ सरळ रेषेत लागते, म्हणून मधे अडथळा असेल तर एखाद्या बाजूच्या ताऱ्यावरून वळसा घ्या.

पायरी पाचवी: माशावर स्वार होणं

लूपडीलूप गॅलक्सीत मारिओ एका चपट्या, पंखांसारख्या अंगाच्या माशावर उभा राहून हवेत तरंगणाऱ्या पाण्याच्या वाटेवरून जातो. रिमोट पडद्याकडे रोखून धरायचा आणि मनगट डावी-उजवीकडे पिळायचं. ए दाबल्यावर वेग वाढतो, झटका दिल्यावर उडी.

इथे वळण सुरू व्हायच्या जरा आधी पिळायला लागा आणि वळण संपायच्या आधी सोडा. मासा जड आहे, त्याला वळायला वेळ लागतो. पहिल्या खेपेला ए ला हातच लावू नका. वाट पाठ होऊ द्या. वेग हवा तो सरळ पट्ट्यांवर, वळणांवर नाही. हात सैल ठेवा: मूठ आवळली की पिळण्याऐवजी हिसका बसतो, आणि तो हिसका नको तिथे उडी ठरतो.

पायरी सहावी: चेंडू

रोलिंग ग्रीन गॅलक्सीत मारिओ एका मोठ्या चेंडूवर उभा असतो, आणि त्या चेंडूत तारा अडकलेला असतो. चेंडू शेवटच्या खळग्यात नेऊन टाकायचा. सर्वाधिक लोक इथे वैतागतात. मला स्वतःला मोशन कंट्रोलचा सर्वात सच्चा वापर याच लेव्हलमध्ये दिसतो, कारण हातातल्या रिमोटचा कल आणि चेंडूचं घरंगळणं यांत मधे काहीच उरत नाही.

रिमोट उभा धरायचा, टोक छताकडे. पुढे झुकवला की चेंडू पुढे, मागे की मागे, बाजूला की बाजूला. ए ने उडी.

सर्वात आधी मध्य शोधा. चेंडू सपाट जागी असताना रिमोट हळूहळू सरळ करत जा, चेंडू थांबेल ती स्थिती हाताला लक्षात ठेवायला लावा. आपण ‘सरळ’ समजतो ते बहुतेकदा थोडं पुढे झुकलेलं असतं, म्हणून चेंडू आपोआप पळतो आहे असं वाटतं. कोपर टेकवलेलं असेल तर हा मध्य पुन्हा पुन्हा सापडतो.

मग थांबायला शिका, पळायला नंतर. थोडं पुढे जा आणि उलट कल देऊन चेंडू ठरवलेल्या जागी उभा करा. उलट कल लवकर आणि थोडाच द्यायचा. कड्यापाशी पोहोचल्यावर घाईने मागे खेचलेला रिमोट कुणाला वाचवत नाही: चेंडूचा वेग एका क्षणात जात नाही, आणि हिसक्यामुळे सेन्सरला धक्का आणि कल वेगळे ओळखता येत नाहीत.

वळायचं असेल तर रिमोट उभ्या अक्षावर फिरवू नका. वर सांगितलं तसं, ते फिरणं सेन्सरला दिसत नाही. ज्या बाजूला जायचं त्या बाजूला झुकवा. अरुंद पुलांवर मध्यावर राहण्यासाठी सतत डावी-उजवीकडे दुरुस्त्या करण्यापेक्षा पुलापूर्वी थांबून चेंडू नीट रांगेत आणा, मग एकच स्थिर कल देऊन पार व्हा. उतारावर तर कल जवळजवळ नकोच, उतार आपलं काम करतो. तुम्ही फक्त मागे किंचित झुकून वेग धरून ठेवा.

पायरी सातवी: बुडबुडा

बबल ब्रीझ गॅलक्सीत मारिओ बुडबुड्यात बसतो आणि पॉइंटर पंख्याचं काम करतो. ए दाबलं की पॉइंटरकडून वारा सुटतो आणि बुडबुडा विरुद्ध दिशेला जातो. म्हणजे उजवीकडे जायचं तर पॉइंटर डावीकडे. पॉइंटर बुडबुड्याच्या जितका जवळ, तितका धक्का जोराचा. ए सतत दाबून धरू नका, छोट्या फुंकरा द्या आणि थांबवायला समोरून एक फुंकर.

सोबत कुणी असेल तर

दुसरा रिमोट जोडून दुसरा खेळाडू पॉइंटर घेऊन सामील होऊ शकतो. तो बिट्स वेचतो, झाडतो आणि शत्रूंना ए ने जागच्या जागी धरून ठेवतो. नव्या माणसाला गेम शिकवायचा असेल तर ही सोय वापराच: बिट्स वेचायचं काम अनुभवी माणसाने घेतलं की नव्या माणसाचं पूर्ण लक्ष धावणं आणि गिरकी यांवर राहतं. मात्र दुसऱ्याने मारिओवर पॉइंटर ठेवून ए दाबलं तर मारिओ उडी मारतो. अरुंद जागी हे आधी बोलून ठरवलेलं बरं.

स्विचवर खेळत असाल तर

हा गेम २०२० मध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ या संचातून निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आला, आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी दुसऱ्या भागासह पुन्हा आला. स्विचला सेन्सर बार नसतो, पॉइंटर जायरोस्कोपवर चालतो. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो आणि त्यावरून दिशा काढतो, त्यात बारीक चुका साठत जातात आणि पॉइंटर हळूहळू सरकतो. २०२० च्या संचात आर बटणाने तो मध्यावर येतो. पुल स्टार किंवा बुडबुड्याचा भाग सुरू होण्याआधी आर दाबायची सवय लावून घ्या. तिथे गिरकी बटणावरही मिळते, आणि कन्सोल हातात धरून खेळताना पॉइंटरचं काम टचस्क्रीनवर बोटाने होतं. बुडबुड्यासाठी ते सोयीचं आहे, पण बोट पडद्यावर असताना त्या हाताचं बटण सुटतं हे लक्षात घ्या. गिरकी बटणावर आहे म्हणून वेळ साधण्याचे वरचे नियम बदलत नाहीत.

कोणत्या क्रमाने पुढे जावं

शेवटच्या बाउझरपर्यंत, म्हणजे मुख्य खलनायकापर्यंत, जायला लेव्हलमध्ये मिळवलेले ६० तारे पुरतात, आणि मारिओचे एकूण १२० आहेत. म्हणजे एखादी मोशनची लेव्हल अगदीच जमत नसेल तर ती सोडून पुढे जाता येतं. तसं जरूर करा. गस्टी गार्डनसारख्या जागा केवळ चेंडू जमत नाही म्हणून न पाहता राहू नयेत. गिरकी पक्की झाली की आठवड्याने परत या, हात बदललेला असतो.

धूमकेतूंची आव्हानं, विशेषतः एकाच आरोग्यावर खेळायचा डेअरडेव्हिल धूमकेतू, उशिराची गिरकी सहज जमेपर्यंत घेऊ नका.

हिरवे ३ तारे मिळाले की ट्रायल गॅलक्सी उघडतात. रोलिंग गिझ्मोत चेंडू, लूपडीस्वूपमध्ये मासा आणि बबल ब्लास्टमध्ये बुडबुडा, तिन्ही मूळ लेव्हलपेक्षा बरेच कठीण. मी बबल ब्लास्ट आधी घ्यायला सांगेन, कारण तिथे थांबून विचार करता येतो. मग रोलिंग गिझ्मो. लूपडीस्वूप शेवटी, ए ला हात न लावता, वळणं पाठ होईपर्यंत.